फिशफाइंडरची सेटिंग: पुण्याच्या धरणांवर होडी काढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर आणि खाली भिगवणला उजनीचा अथांग पसारा. रविवारी पहाटे गाडीच्या टपावर कयाक किंवा डिकीत रबरी होडी टाकून निघणारी मंडळी आता बरीच झाली आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे पाच-सात इंची स्क्रीनचा फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारं मशीन, असतो. मशीन चांगलं असतं, सेटिंग मात्र खोक्यातून निघालं तसंच. मग फोन येतो, "अहो, मासाच दिसत नाही." अशा फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते खाली उत्तरांसह दिले आहेत. घाईत असाल तर पहिले चार वाचा, बाकीचे अडेल तेव्हा.

स्क्रीनवर दिसतं ते नेमकं काय असतं? होडीखालचं चित्रच ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. ट्रान्सड्यूसर, म्हणजे मशीनचा पाण्यात राहणारा भाग, आवाजाचा एक ठोका सोडतो आणि प्रतिध्वनी कधी परत येतो ते ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, म्हणजे १५ मीटरवरच्या तळाचा प्रतिध्वनी २० मिलिसेकंदांत परत येतो. त्या एका ठोक्याची एक उभी रेघ स्क्रीनच्या उजव्या कडेला उमटते आणि आधीच्या रेघा डावीकडे सरकतात. उजवी कड म्हणजे आत्ता. बाकी सगळी स्क्रीन म्हणजे झालेल्या गोष्टी.

होडी नांगरावर उभी असली तरी स्क्रीन सरकतच राहते. खाली एकच ओंडका असेल तर दहा मिनिटांत तो लांबलचक बांधासारखा दिसायला लागतो. होडीच्या पुढे, मागे, बाजूला काय आहे ते साधा सोनार, म्हणजे आवाजाने शोधणारं हे यंत्र, सांगत नाही. स्क्रीनच्या डाव्या बाजूला मासा दिसला म्हणून डावीकडे गळ टाकणारे लोक मी पाहिलेत. मासा मागे राहिलेला असतो.

नवीन मशीन बसवलं. पहिल्यांदा काय बदलू?

पाच गोष्टी, याच क्रमाने. पाण्याचा प्रकार गोडं पाणी करा. खोली मीटरमध्ये घ्या, किंवा फुटांत, पण मग होडीवरच्या सगळ्यांनी त्याच मापात बोला. माशाची चित्रं काढणारं फिश आयडी बंद करा. रेंज, म्हणजे स्क्रीनवर किती खोलीपर्यंत दाखवायचं ते, ऑटोवरून हातात घ्या. शेवटी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक आवाज ऐकणार ते, लावा.

बाकी मेन्यूला पहिले काही दिवस हात लावू नका. एकाच वेळी सहा गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही, आणि मग माणूस मशीनला शिव्या घालतो. माझं सरळ मत आहे: आधी तळ नीट वाचता आला पाहिजे. तळ कडक की मऊ, उतार कुठे, जुना ओढा कुठून गेलाय हे ज्याला दिसतं त्याला मासा कुठे असेल याचा अंदाज आपोआप येतो. तळ न वाचता कमानी, म्हणजे स्क्रीनवर मासा उमटतो त्या वाकड्या रेघा, शोधत फिरणं म्हणजे दिवसभर पेट्रोल जाळणं.

रेंज हातात का घ्यायची? ऑटोमध्ये काय वाईट आहे?

मोकळ्या पाण्यात ऑटो रेंज ठीक चालते. घोळ होतो तो दाट शेवाळावर, बुडालेल्या बाभळींवर आणि फार उथळ पाण्यात. तिथे मशीन शेवाळाच्या वरच्या थरालाच तळ समजतं, रेंज उड्या मारायला लागते, आणि दर उडीला मोजपट्टी बदलल्यामुळे डोळ्यांना काहीच लागत नाही.

तळ ८ मीटरवर असेल तर रेंज ० ते १२ ठेवा. म्हणजे तळ स्क्रीनच्या खालच्या तिसऱ्या भागात येतो आणि वर माशांना जागा मिळते. उतारावरून खोल जाणार असाल तर थोडी वाढवा. तळ कडक आहे का हे तपासायचं असेल तेव्हा मात्र रेंज खोलीच्या दुपटीहून जास्त लागते. त्याबद्दल पुढे येईल.

सेन्सिटिव्हिटी किती ठेवू? आकडा सांगा.

आकडा सांगता येत नाही. दुसऱ्याच्या मशीनवरचा ७५ तुमच्या मशीनवर ६० असेल, आणि पानशेतच्या थंड खोल पाण्यातला आकडा उजनीच्या हिरव्या पाण्यात चालणार नाही. पण आकडा काढायची रीत सगळीकडे तीच आहे.

तळ सपाट असेल अशा जागी जा, इंजिन अगदी हळू ठेवा. सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या. आधी तळाची रेघ जाड होईल, मग पाण्यात इथेतिथे ठिपके उमटतील, आणि शेवटी पूर्ण स्क्रीनवर रांगोळीची पूड सांडावी तसं होईल. इथे थांबा. आता एकेक पायरी कमी करत या. दर पायरीनंतर चार-पाच सेकंद थांबायचं, कारण बदल फक्त उजव्या कडेला दिसतो, जुना कचरा डावीकडून बाहेर जायला वेळ घेतो. ठिपके विरळ झाले, पण पूर्ण गेलेले नाहीत, अशी एक जागा येते. तीच तुमची जागा.

थोडा कचरा राहू द्याच. स्क्रीन आरशासारखी लख्ख असेल तर छोटे मासे, माशांच्या पिल्लांचे थवे आणि तळाला चिकटून असलेले मासे तुम्ही स्वतःच पुसून टाकलेले असतात. दुकानातल्या डेमोसारखी स्वच्छ स्क्रीन हवी असा हट्ट पुष्कळांचा असतो. डेमो बघूनच घरी बसायचं असेल तर गोष्ट वेगळी.

ऑटो सेन्सिटिव्हिटीला माझा विरोध नाही, फक्त ती स्वतःच्या मनाने बदलत राहते. मघाशी फिका दिसलेला तळ आणि आत्ता गडद दिसणारा तळ यांची तुलना करता येत नाही, कारण मधल्या वेळात मशीननेच मोजपट्टी हलवलेली असते. काही मशीनमध्ये ऑटो चालू ठेवून वर अधिक-उणे दोन-तीन पायऱ्या देता येतात. शिकण्याच्या काळात तो मधला मार्ग बरा आहे.

पुन्हा कधी लावायची? खोली बरीच बदलली की, आणि पहिल्या पावसानंतर. जूनमध्ये डोंगरावरून आलेल्या लाल पाण्यात गाळ, पालापाचोळा आणि बुडबुडे असतात. मेमधलं सेटिंग तसंच ठेवलंत तर स्क्रीन भरून जाते.

रंगाचं सेटिंग आणि सेन्सिटिव्हिटी एकच का?

नाही. सेन्सिटिव्हिटीने मशीन किती बारीक आवाज ऐकतं ते बदलतं. रंगाच्या सेटिंगने ऐकलेल्या आवाजाला कोणता रंग द्यायचा एवढंच ठरतं. आधी सेन्सिटिव्हिटी पक्की करा. मग कडक तळाच्या रेघेत गडद रंगाचा एक स्पष्ट पट्टा दिसेल आणि मऊ तळावर तो बारीक होईल, इतपत रंग लावा. उन्हात पिवळसर पार्श्वभूमी जास्त चांगली दिसते असं काहींना वाटतं, काहींना पांढरी. डोळे तुमचे आहेत.

पाण्याच्या वरच्या थरात सतत गिचमिड दिसते. ती कशी घालवू?

वरचा साधारण अर्धा ते एक मीटर सोनारसाठी तसाही आंधळा असतो, कारण ट्रान्सड्यूसरचा स्वतःचा ठोका तोवर विरलेला नसतो. त्याखाली लाटा, बुडबुडे आणि शेवाळाचे कण दिसतात. त्यासाठी सरफेस क्लॅरिटी किंवा तशाच नावाचं सेटिंग असतं. ते वरच्या थरातली सेन्सिटिव्हिटी कमी करतं.

पण कोणत्या माशाच्या मागे आहात ते आधी बघा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कटल्यासाठी गेलात आणि वरचा थर साफ करून बसलात, तर ज्याच्यासाठी आलात तोच मासा पुसला जातो. अशा वेळी ते सेटिंग कमीत कमी ठेवा आणि गिचमिड सहन करा.

८३, २००, चर्प, ४५५, ८००: कुठल्या धरणावर काय लावू?

हे आकडे आवाजाच्या फ्रिक्वेन्सीचे. ठोका खाली शंकूसारखा पसरत जातो. २०० किलोहर्ट्झचा शंकू अरुंद असतो, बऱ्याच ट्रान्सड्यूसरमध्ये साधारण २० अंशांचा. १० मीटर खोलीवर तो तळावर साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ पाहतो. ८३ किलोहर्ट्झला तोच शंकू ६० अंशांच्या आसपास जातो, म्हणजे १० मीटरवर साडेअकरा मीटरचं वर्तुळ. रुंद शंकूत जास्त पाणी दिसतं खरं, पण त्या साडेअकरा मीटरांत मासा नक्की कुठे आहे ते कळत नाही. वर्तुळातली सर्वांत जवळची गोष्ट आधी उमटते, त्यामुळे कपारी, खड्डे, झाडांच्या फांद्या एकमेकांत मिसळून जातात.

म्हणून उजनीसारख्या पसरट पाण्यात, जिथे आधी मासा शोधायचाच प्रश्न असतो, तिथे ८३ उपयोगी. पवना, वरसगाव, मुळशी यांच्या उतारांवर आणि झाडांच्या खोडांमध्ये २००. पानशेत आणि वरसगाव या धरणांची उंची साठ मीटरांच्या वर आहे, तरी तिथल्या सर्वांत खोल पाण्यालाही २०० सहज पुरतं. खोल पाणी म्हणून ५० किलोहर्ट्झचा महागडा ट्रान्सड्यूसर घ्यायला कुणी सांगत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. तो खोल समुद्रासाठी आहे.

चर्पमध्ये एका ठोक्यात एक नाही, तर खालून वरपर्यंत फ्रिक्वेन्सींचा पूर्ण पट्टा सोडला जातो. फायदा असा की एकमेकांना खेटून असलेले दोन मासे, किंवा तळापासून वीतभर वर असलेला मासा, वेगवेगळे दिसतात. मशीनमध्ये चर्प असेल तर तेच लावा.

४५५ आणि ८०० हे खालचं आणि बाजूचं बारीक चित्र काढण्यासाठी. तिथे माशाची कमान दिसत नाही, ठिपका दिसतो. तो बिघाड नाही. बाजूचं स्कॅनिंग करताना प्रत्येक बाजूला २० ते ३० मीटरच ठेवा, होडी ताशी ५ ते ८ किलोमीटरने सरळ रेषेत न्या. वळलात की चित्र ताणलं जातं. आणि ४५५ जास्त लांब पोचतं, ८०० जास्त बारीक दाखवतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जाहिरातीतल्यासारख्या कमानी दिसत नाहीत. नुसत्या आडव्या रेघा दिसतात.

होडी उभी असेल. मासा शंकूच्या कडेने आत येतो तेव्हा ट्रान्सड्यूसरपासून थोडा लांब असतो, मध्ये आला की जवळ, बाहेर जाताना पुन्हा लांब. अंतराचा हा चढउतार म्हणजे कमान. होडी आणि मासा दोघेही स्थिर असतील तर अंतर बदलतच नाही, मग आडवी रेघ येते. ती रेघ म्हणजे होडीखाली थांबलेला मासा, म्हणजे खरं तर चांगलीच बातमी.

उथळ पाण्यात शंकू इतका अरुंद असतो की कमान पूर्ण व्हायला जागाच मिळत नाही, बारीक डॅश दिसतो. अर्धी कमान दिसत असेल तर मासा कडेने गेला, किंवा तुमचा ट्रान्सड्यूसर तिरका आहे. सतत एकाच बाजूची अर्धी कमान दिसते का? मग नक्कीच तिरका आहे. कमानी हव्यात तर ताशी ३ ते ५ किलोमीटर वेग ठेवा आणि स्क्रीनची गती जास्त ठेवा.

कमानीच्या लांबीवरून माशाचं वजन सांगणारे लोक प्रत्येक धरणावर भेटतात. लांबी ठरते मासा शंकूत किती वेळ होता त्यावर. जाडी आणि रंगाची गडदता यांवरून थोडा अंदाज बांधता येतो, तोही जपूनच, कारण प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो, मांसावरून नव्हे.

फिश आयडी बंद का करायचं? माशाचं चित्र आणि खोली लिहून येते, सोयीचं आहे की.

त्याला पाण्यात लटकणारी प्रत्येक वस्तू मासा वाटते. बाभळीची फांदी मासा, प्लॅस्टिकची पिशवी मासा, तळातून सुटलेला बुडबुड्यांचा लोट म्हणजे माशांची शाळाच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं. तिथला गाळ कुजतो, आणि उन्हाळ्यात शांत पाण्यावर त्यातून वायूचे फुगे सुटत असतात. फुग्यात वायू असल्यामुळे प्रतिध्वनी जोरकस येतो. होडी उभी ठेवा आणि नीट बघा: फुग्यांच्या रेघा तळापासून सुरू होऊन उजवीकडे वर चढत जातात, एकामागून एक, एकाच तिरपेपणाने. मासा असा शिस्तीत वर जात नाही. हा फरक डोळ्यांना कच्च्या स्क्रीनवरच कळतो. चित्रं लावलीत की सगळे मासेच.

लहान मुलांना होडीतून नेत असाल तर चित्रं चालू ठेवा, त्यांना मजा येते.

तळ कातळाचा आहे की गाळाचा, हे कसं ओळखू?

आपल्याकडचा तळ बहुतेक दोनच प्रकारचा असतो: काळा कातळ-मुरूम, नाहीतर गाळ. कातळावरची रेघ गडद आणि वरून धारदार दिसते. गाळावर आवाज आत मुरतो, म्हणून रेघ फिकट, जाडसर आणि वरून भुरकट.

खात्रीसाठी दुसरा प्रतिध्वनी बघा. कडक तळावर आपटलेला आवाज वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि परत येतो. मशीन त्याला दुप्पट खोलीवरचा दुसरा तळ समजून काढतं. तळ ८ मीटरवर असेल तर रेंज २० करा, १६ मीटरवर एक फिकी समांतर रेघ दिसेपर्यंत सेन्सिटिव्हिटी वाढवा, आणि मग तिला हात न लावता होडी हळू पुढे न्या. जिथे ती दुसरी रेघ नाहीशी होते तिथे गाळ सुरू झाला. पुन्हा उमटली की पुन्हा कातळ. गाळ आणि कातळ यांच्या सीमेवर मासे असण्याची शक्यता मधल्या सपाट गाळापेक्षा नेहमीच जास्त.

बुडालेली गावं, देवळं, झाडं सोनारवर दिसतात का?

दिसतात, आणि पुण्याच्या धरणांवरची खरी मजा हीच आहे. पवनेत वाघेश्वराचं देऊळ, भाटघरच्या पाण्यात वेळवंडचं कांबरेश्वर, उजनीत पळसदेवचं जुनं देऊळ: पाणी उतरलं की यातली देवळं वर येतात आणि लोक दर्शनाला जातात. पाणी भरलं की तीच सोनारसाठी उभे कोपरे, भिंती आणि सावल्या होतात. जुने बांध, विहिरींचे कठडे, रस्त्याचा भराव हेही दिसतं.

त्यासाठी खालचं आणि बाजूचं बारीक स्कॅनिंग लावा, होडी हळू, सेन्सिटिव्हिटी नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या कमी. बाजूच्या स्कॅनिंगमध्ये वस्तूपेक्षा तिच्या मागची काळी सावली जास्त बोलते. उभ्या भिंतीची सावली लांब आणि सरळ पडते, बाभळीची फाटकी. सेन्सिटिव्हिटी जास्त असेल तर सावल्या भरून जातात.

साध्या सोनारवर जुन्या नदीचं पात्र शोधा. वरसगावला मोसे, पानशेतला आंबी, भाटघरला वेळवंडी. पाणी भरलं तरी पात्र खाली तसंच असतं. होडी पात्राला काटकोनात न्या. बराच वेळ सपाट तळ चालतो, मग एकदम खाली उतरतो, खाली फिकट गाळ, आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा चढतो. दोन्ही काठ खुणेत साठवून ठेवा.

एक विनंती. वाघेश्वर असो की पळसदेव, देवळाच्या वर नांगर टाकू नका. आवारात गळ अडकला तर तोडून सोडा.

एप्रिल-मे महिन्यात मधल्या पाण्यात एक फिका आडवा पट्टा येतो. मशीन खराब झालं का?

मशीन उत्तम आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड राहतं, आणि दोन्हींच्या मध्ये तापमान झपाट्याने बदलणारा पातळ थर तयार होतो. त्यावरून आणि तिथे साचलेल्या बारीक जीवांवरून कमकुवत प्रतिध्वनी येतो. मुळशी, पानशेत, वरसगावच्या खोल पाण्यात हा पट्टा दिसतो. उथळ आणि वाऱ्याने ढवळणाऱ्या पाण्यात तो फारसा टिकत नाही.

ओळखायची खूण: तळ वरखाली झाला तरी पट्टा त्याच खोलीवर राहतो, आणि सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवली की विरतो. तो दिसला की फिल्टर लावून पुसू नका. पट्ट्याच्या खाली बऱ्याचदा ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे मासे वर किंवा पट्ट्यालगत असतात. ३० मीटर पाण्यात तळापर्यंत आमिष सोडून तासन्‌तास बसण्यात अर्थ नाही.

इंजिन किंवा ट्रोलिंग मोटर चालू केली की स्क्रीनवर पाऊस पडतो.

विजेचा गोंगाट. आधी सगळं बंद करून फक्त फिशफाइंडर चालू ठेवा, मग एकेक वस्तू चालू करत जा. बहुतेक वेळा दोषी निघते ती ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी विजेवरची मोटर) आणि मशीन यांची एकच बॅटरी. मशीनला वेगळी छोटी बॅटरी द्या, ट्रान्सड्यूसरची वायर मोटरच्या वायरीपासून लांब न्या, उरलेली वायर गुंडाळून मोटरजवळ ठेवू नका. तरी पाऊस राहिला तर वायरीवर फेराइट, म्हणजे गोंगाट अडवणारं कडं, चढवा. मेन्यूतलं गोंगाट गाळणारं नॉइज रिजेक्शन हा शेवटचा उपाय, तोही कमीवर. जास्त ठेवलंत की गोंगाटाबरोबर मासेही जातात.

तिरक्या, एकसारख्या तुटक रेघा दिसत असतील तर जवळच दुसरी होडी त्याच फ्रिक्वेन्सीवर आहे. फ्रिक्वेन्सी बदला, किंवा थोडे लांब जा. पाणी भरपूर आहे.

होडी वेगात गेली की तळच गायब होतो. सेटिंगमध्ये काय करू?

सेटिंगमध्ये काही नाही, स्क्रू ड्रायव्हर घ्या. ट्रान्सड्यूसरखाली हवेचे बुडबुडे जात आहेत. होडीच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून किमान ३० ते ४० सेंटिमीटर लांब, समोर खिळे, पट्टी किंवा पाइपाचं तोंड नसेल अशी जागा निवडा. पंख्याची पाती ज्या बाजूला खाली जातात ती बाजू बरी. ट्रान्सड्यूसरचा चेहरा पाण्याला समांतर असावा आणि होडीच्या तळापेक्षा किंचित खाली, फायबरवर साधारण ३ मिलिमीटर, अॅल्युमिनियमवर १० च्या आसपास. हे माप होडी पाण्यात, माणसं बसलेली असताना बघा. घराच्या पार्किंगमध्ये ट्रेलरवर अगदी समांतर दिसणारा ट्रान्सड्यूसर पाण्यात गेल्यावर आकाशाकडे बघत असतो.

रबरी होडी आणि कयाकवर पीव्हीसी पाइप आणि क्लॅम्प पुरतो. पाइपाला दोरी बांधा. क्लॅम्प सुटला तर ट्रान्सड्यूसर हाती तरी राहील.

होडीला भोक पाडायचं नाही. ट्रान्सड्यूसर आतूनच चिकटवला तर?

एकसंध भरीव फायबर असेल तर चालतो. मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर नाही. आधी होडीत त्या जागी थोडं पाणी ओतून ट्रान्सड्यूसर त्यात धरा आणि बाहेरून धरल्यावर येणाऱ्या चित्राशी ताडून बघा. फरक कमी असेल तर इपॉक्सीने चिकटवा, एकही बुडबुडा आत राहू न देता. पाण्याचं तापमान बरोबर दाखवणार नाही आणि बाजूचं स्कॅनिंग चालणार नाही, हे गृहीत धरा.

खोली दोरीने मोजली तर वेगळी येते. कोणाचं खरं?

दोघांचं, आपापल्या परीने. मशीन ट्रान्सड्यूसरच्या चेहऱ्यापासून मोजतं. तो पाण्याखाली ३० सेंटिमीटर असेल तर तेवढे मेन्यूतल्या कील ऑफसेटमध्ये, म्हणजे खोलीत फरक मिळवायच्या सेटिंगमध्ये, मिळवा. उतारावर मशीन शंकूतल्या सर्वांत जवळच्या जागेची खोली दाखवतं, दोरी मात्र सरळ खाली जाते, निदान वारा नसेल तेव्हा.

आवाजाच्या वेगामुळे पडणारा फरक नगण्य आहे. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात वेग सुमारे १४९७ मीटर, मशीन धरतं साधारण १५००. ३० मीटरवर चूक सहा-सात सेंटिमीटरची. अलिबाग किंवा हर्णैला जाऊन आल्यावर मशीन खाऱ्या पाण्यावरच राहिलं, तर मात्र चूक दोन-तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

ऑक्टोबरमध्ये साठवलेला खोलीचा नकाशा मेमध्ये जुळत नाही.

जुळणारच नाही, पाणी उतरलंय. उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची ४९१.०३. म्हणजे उपयुक्त साठा संपेपर्यंत ५.८ मीटर पाणी गेलं, आणि उजनी मायनसमध्ये गेली की आणखी. नकाशा काढताना त्या दिवसाची धरणाची पातळी बाजूला लिहून ठेवा. पाटबंधारे खात्याचे आकडे रोजच्या रोज पेपरात येतात. नंतर फक्त वजाबाकी.

बॅटरी कोणती?

पाच इंची मशीनला १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती, अर्ध्या दिवसाला पुरते. अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नका, आयुष्य कमी होतं. वजन नको असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. फ्यूज मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या अँपिअरचाच. फ्यूज होल्डर, हीट श्रिंक, फेराइट हे सगळं तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. गाडी लांब लावा आणि चालत जा.

काठावरून गळ टाकतो, होडी नाही. फेकायचा सोनार घेऊ का?

घ्या, पण गळासारखा फेकायचा आणि पाण्यावर तरंगणारा तो सोनारचा चेंडू जड असतो, हलक्या रॉडने फेकू नका. दोरा जाड, गाठ पक्की. फेकून हळूहळू ओढत आणलात तरच तळाचा उतार उमटतो, एका जागी तरंगत ठेवला तर वरच्या पहिल्या प्रश्नातलाच घोळ. जलपर्णी असेल तिथे टाकू नका.

आणि मरळ पकडायची असेल तर कुठलाच सोनार नको. ती शेवाळात, हातभर पाण्यात असते आणि श्वास घ्यायला वर येते. डोळे पुरतात.

व्हिडिओत सांगतात ते सेटिंग माझ्या मशीनमध्ये सापडतच नाही.

नाव वेगळं असेल. लॉरेन्स आणि हमिंगबर्ड या कंपन्यांच्या मशीनमध्ये सेन्सिटिव्हिटी, तीच गार्मिनमध्ये गेन. लॉरेन्सची सरफेस क्लॅरिटी, हमिंगबर्डचं सरफेस क्लटर. स्क्रीन किती भरभर सरकते ते कुठे स्क्रोल स्पीड, कुठे चार्ट स्पीड. पिंग स्पीड म्हणजे सेकंदाला किती ठोके. उथळ पाण्यात तो फार वाढवला तर आधीच्या ठोक्याचे प्रतिध्वनी पुढच्यात मिसळतात आणि मध्येच भुताचा तळ दिसतो. तसं झालं तर पिंग कमी करा.

धरणात होडी आणि सोनार न्यायला परवानगी लागते का?

सोनारचा प्रश्न नाही, होडी आणि मासेमारीचा आहे. धरणं बहुतेक जलसंपदा विभागाची, मुळशी टाटांचं, आणि मासेमारीचे हक्क बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे. आधी तिथल्या संस्थेच्या लोकांना विचारा, भिंतीजवळ आणि खडकवासल्याला एनडीएच्या बाजूला जाऊच नका. जाळ्यांच्या खुणेचे थर्माकोल आणि कॅन दिसले की लांबून वळा, ती कुणाच्या तरी पोटापाण्याची आहेत. लाइफ जॅकेट अंगावर, बॅगेत नव्हे.

सगळी सेटिंग बदलून बसलोय. आता काहीच नीट दिसत नाही.

मेन्यूत मूळ सेटिंगवर परत जायची सोय असते. त्याआधी साठवलेल्या जागांच्या खुणा मेमरी कार्डवर उतरवून घ्या, कारण पूर्ण रीसेटमध्ये त्या पुसल्या जातात. फक्त सोनारचं रीसेट वेगळं मिळत असेल तर तेच करा. मग गोडं पाणी, मीटर, फिश आयडी बंद, रेंज, सेन्सिटिव्हिटी, याच क्रमाने पुन्हा. तरीही तळ दिसला नाही तर होडी बाहेर काढा आणि ट्रान्सड्यूसर बघा. शेवाळाचा बुळबुळीत थर बसलेला असतो. पातळ साबणाचं पाणी आणि मऊ फडकं घ्या, घासणी लावू नका.